निवेसच्या स्कूटरची ताकद

इंजिन मोठं करून मागायला माझ्या गॅरेजात जी माणसं येत ती बहुतेक सोळा-सतरा वर्षांची पोरं असत. त्यांना माझं उत्तर ठरलेलं होतं. "नाही. पन्नास सीसीचं इंजिन पन्नासच्याच कामाला घडवलेलं असतं. वर मोठा सिलिंडर बसवलास, तरी खाली क्रँक तोच, बेअरिंगं तीच, ब्रेक तर तेच. चार दिवस उडशील आणि पाचव्या दिवशी ढकलत माझ्याच दारात येशील." पोरं तोंड वाकडं करून पुढच्या गावच्या मिस्त्रीकडे जात. मला त्याचं सुखदुःख नव्हतं.

निवेस मारांगोन आली तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होती. सत्त्याहत्तरच्या नोव्हेंबरात, भर दुपारी, अंगातल्या लोकरी कोटाला घामाचा वास येत असताना ती दारात उभी राहिली.

"अत्तिलिओ, हिला ताकद द्या," ती म्हणाली. स्कूटरच्या हँडलवरचा हात तिने काढला नव्हता.

निवेस आमच्या या डोंगराळ लिगुरिया प्रांतातली नव्हे. एक्कावन्न साली पुरात पो नदीने तिचं गाव गिळलं, तेव्हा ती सतरा वर्षांची होती. आईबरोबर ट्रकमधून इकडे आली आणि ऑलिव्ह वेचायला लागली. आमची माणसं शब्दांची कंजूष. पंचवीस वर्षं इथे राहिली तरी तिला 'पुरातली' म्हणत. शाळेत तिला कुणी घातलंच नाही. सही करायची तर ओठ दाताखाली धरून करायची. म्हणून तर पन्नास सीसीची स्कूटर. तिला परवाना लागत नाही, आणि परवान्याची लेखी परीक्षा निवेस बापजन्मी पास झाली नसती.

तिचा नवरा एजिदिओ देमार्टिनी माझ्याच वयाचा. चौदाव्या वर्षी आम्ही दोघं एकाच सकाळी पाटीच्या दगडाच्या खाणीत उतरलो. जगभरच्या पोरांच्या पाट्या आणि शाळांचे फळे आमच्या या डोंगरातून निघाले. दोन वर्षांनी माझ्या मामाने मला सायकलच्या दुकानात बोलावून घेतलं. एजिदिओला मामा नव्हता. तो सव्वीस वर्षं आत राहिला, आणि बाहेर आला तेव्हा फुप्फुसात पाटीची धूळ घेऊन आला.

त्यांचं घर वर कोस्तारोस्साच्या वाडीत. अकरा घरं, त्यांतली चार उघडी. पूर्वी आमच्या पियानेत्तोच्या पुलापासून तिथवर खेचरांची पायवाट होती. पुढे डांबरी रस्ता झाला, खेचरं विकली गेली. त्या वर्षी ऑक्टोबरात दरड कोसळली आणि दोनशे मीटर रस्ता ओढ्यात गेला. आता रस्ताही नव्हता आणि खेचरंही नव्हती. उरली ती जुनी वाट. पाच किलोमीटर, चौदा वळणं, दीड हात रुंद. तिच्यावर कुणीतरी कधीकाळी सिमेंट थापलेलं.

एजिदिओला ऑक्सिजन लागत होता. औषधांच्या दुकानाचे मालक सांग्विनेती टाकी गाडीने थेट दारात पोचवत. दरडीनंतर त्यांचा ड्रायव्हर टाक्या पुलापाशी, माझ्या गॅरेजात ठेवून जाऊ लागला. भरलेली एक टाकी सतरा किलोची. एजिदिओला ती बारा-तेरा तास पुरे. तो तेव्हा फक्त झोपताना लावत असे, म्हणून रोज एक.

"नवव्या वळणाला बंद पडते," निवेस सांगत होती. "मी उतरते. क्लच धरून, रेस देऊन, बाजूने ढकलत नेते. काल दोनदा घसरले. टाकी सुटली असती तर खाली ओढ्यात."

"एजिदिओला खाली का नाही आणत? इस्पितळात ठेव."

"त्यांना विचारलं."

"मग?"

"म्हणतात, सव्वीस वर्षं डोंगराच्या पोटात काढली. मरायला पुन्हा भिंतीआड नाही जाणार." तिने बाहीनेच तोंड पुसलं. "तुम्ही समजवा. मी थकले."

मी सायलेन्सर उघडला. आत काजळीचा थर बोटभर. तो जाळून साफ केला. मग आतले गियर बदलून कमी दात्यांचे घातले. ताकद वाढली नाही, पण तीच ताकद चढाला लागली. सपाटीवर स्कूटर आता सायकलइतकीच पळणार होती. "सावकाश जाईल पण जाईल," मी म्हटलं. "याच्या पुढे मागू नकोस."

ती गेली. मी पुलावर उभा राहून आवाज ऐकत होतो. नववं वळण आलं, इंजिन रडकुंडीला आलं, पण थांबलं नाही. मला स्वतःचा अभिमान वाटला, हे आज सांगायला लाज वाटते.

हिवाळा असाच गेला. रोज सकाळी ती रिकामी टाकी घेऊन खाली येई, भरलेली बांधून वर जाई. एकदा तिचे हात बघितले. बोटांना भेगा पडून रक्त साकळलेलं. मी म्हटलं, "घरी शेगडीपाशी जरा बसत जा."

"शेगडी विझवलीय," ती म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलंय, ऑक्सिजनच्या खोलीत ठिणगीसुद्धा नको. आमची खोली एकच. चेस्टनट वाळवायची झोपडी आहे ना मागे, तिथे सूप करते आणि धावत आणते. त्यांच्या अंगावर चार घोंगड्या आहेत."

"आणि तुझ्या?"

"माझ्या अंगात चढ आहे," ती म्हणाली आणि किक मारली.

फेब्रुवारीत गावचे डॉक्टर वर चालत जाऊन एजिदिओला तपासून आले. आता दिवसरात्र लावा, म्हणाले. म्हणजे रोज दोन टाक्या. ती दोन फेऱ्या करू लागली. एक फेरी वर-खाली मिळून दीड तासाची. तेवढा वेळ एजिदिओ एकटा. एकदा ती परत गेली तर नळी नाकातून निघून खाली पडलेली आणि तो निळ्या ओठांनी पलंगाची कड धरून बसलेला. त्या दिवशी ती पुन्हा माझ्याकडे आली.

"एका फेरीत दोन टाक्या न्यायच्यात."

"शक्य नाही, निवेस."

"पोरांची करतात तसं करा. मोठा सिलिंडर. मला माहीत आहे, मिळतो."

"मी पोरांचीही करत नाही. ऐक. शंभर सीसीच्या सिलिंडरचं भांडं बसवलं तर ते चढेल. मग गरम होईल. उतरताना तीसेक किलो रिकामं लोखंड आणि तू, आणि ब्रेक तेच पन्नासचे. शिवाय कायद्याने ती पन्नासची राहत नाही. पकडली तर जप्त. मग एकही टाकी जाणार नाही."

तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "चढेल ना?"

मी म्हटलं, आधी एजिदिओशी बोलतो.

एप्रिलमधल्या एका रविवारी चालत वर गेलो. दोन तास लागले. एजिदिओ खिडकीकडे तोंड करून उशांच्या ढिगाला टेकला होता. मला पाहून त्याने नळी ठीक केली.

"काय रे, सायकलवाल्या. दम लागला?"

"लागला."

"थोडा उधार देऊ?" तो हसला आणि मग मिनिटभर खोकत राहिला. निवेस झोपडीत सूप करायला गेली, तसा त्याने माझा हात धरला. त्याचा पंजा अजून खाणीतल्यासारखाच रुंद होता, नुसती हाडं उरली होती. "तिने तुला सांगितलंय ना, इंजिन मोठं कर म्हणून?"

"हो."

"करू नकोस."

"मग खाली चल, एजिदिओ. ती तरी मोकळी होईल."

त्याने खिडकीबाहेर हात केला. "मी इथे पडून तिची स्कूटर ऐकतो," तो म्हणाला. "चौदा वळणं. प्रत्येक वळणाला तिचा आवाज बदलतो. आवाज जोपर्यंत रडतोय तोपर्यंत ती सावकाश आहे. जोरात आली तर ती कड्यावरून जाईल. तू शपथ घे."

मी शपथ घेतली नाही, पण मान हलवली. त्याला ती पुरली.

वाटेवर निवेस मला पोचवायला घराजवळच्या चौदाव्या वळणापर्यंत आली. "नाही म्हणाले ना? मला ठाऊक होतं." आणि मग ती, जी पंचवीस वर्षांत कधी रडताना दिसली नव्हती, बांधाच्या भिंतीला कपाळ टेकून रडली. "मी नसताना ते जातील हो. मी वाटेत असेन, टाकी बांधून, आणि ते जातील. मला दुसरं काही नको. ती दुसरी फेरी तेवढी वाचवा."

पुढच्या आठवड्यात मी भांडं मागवलं.

दोन दिवस दुकान बंद ठेवून काम केलं. नवा सिलिंडर आणि पिस्टन, मोठा कार्बोरेटर, क्लचला एक जादा प्लेट, मागे जाड टायर, ब्रेकला नवे लायनर. टाक्या बांधायला लोखंडी चौकट वेल्डिंग केली. मनातून एजिदिओची माफी मागत होतो आणि हात मात्र, खरं सांगतो, आनंदाने चालत होते. इतकं बारीक काम मी कधी केलं नव्हतं.

निवेसकडून तीन गोष्टी घोकून घेतल्या. उतरताना रेस पूर्ण सोडायची नाही. या इंजिनाला तेल पेट्रोलबरोबरच मिळतं, रेस बंद म्हणजे तेल बंद. म्हणून अधूनमधून क्लच दाबून थोडी रेस द्यायची. दुसरं, दर आठवड्याला प्लग काढून बघायचा. "दूध घातलेल्या कॉफीचा रंग असेल तर ठीक. काळा असेल तर चालेल. पांढरा दिसला तर तिथेच थांबायचं. पांढरा म्हणजे आत भट्टी झालीय." तिने प्लग हातात फिरवून पाहिला आणि म्हणाली, "हे वाचता येईल मला." तिसरं, महिन्याने गाडी माझ्याकडे एक दिवस सोडायची, मी सगळं तपासून आवळून देईन.

"एक दिवस?" ती म्हणाली.

"एक दिवस."

ती हो न म्हणताच टाक्या बांधायला वळली. मीही ते नंतर धरून ठेवलं नाही. तिथे मी चुकलो.

स्कूटर दोन टाक्यांसह चढली. नवव्या वळणालाही दुसऱ्या गियरमध्ये. वर घरी पोचली तेव्हा एजिदिओ म्हणाला म्हणे, "आज कुणाच्या गाडीवर आलीस?" ती म्हणाली, "माझ्याच." त्यावर तो भिंतीकडे वळला आणि दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. माझं नाव त्याने काढलं नाही.

मेमध्ये ठाण्यातल्या हवालदाराने तिला पुलावर अडवलं. मी गॅरेजातून बघत होतो.

"किती सीसी, बाई?"

"पन्नास."

"माझ्या भाच्याकडे पन्नास आहे. ती मांजरासारखी ओरडते. ही कुत्र्यासारखी भुंकते."

"सायलेन्सर फुटलाय."

त्याने टाक्यांवर बोटाने टकटक केलं, मग माझ्याकडे पाहिलं. "अत्तिलिओ, यांचा सायलेन्सर बदल. मी इथून जातो तेव्हा मला ऐकू येतं." आणि गेला. त्यानंतर तो सकाळी पुलावर दिसेनासा झाला.

जूनमध्ये ती एकदाही गाडी सोडायला आली नाही. मी रोज म्हणायचो, "निवेस, तपासायला हवी." ती म्हणायची, "उद्या." टाक्या बांधायला दहा मिनिटं लागत, तेवढ्यात मी नट आवळून बघायचो, पण इंजिन गरम असताना कार्बोरेटर काढता येत नाही. मी हट्ट करायला हवा होता. माझी जुनी तीनचाकी एक दिवस वर धाडता आली असती तर... पण वाट दीड हाताची. सबबी नेहमी अशा खऱ्याच असतात.

अकरा जुलै. सकाळचे दहा, पण उकाडा असा की पुलाचा दगड हाताला चटका देई. ती दोन टाक्या बांधून गेली. मी आवाज ऐकत होतो. सवयच लागली होती. सातवं, आठवं. नवव्या वळणाआधी आवाज एकदम कापल्यासारखा तुटला. इंजिन बंद करतात तेव्हा आवाज विरत जातो. हा तसा नव्हता. पिस्टन तापून आतच धरला की चाक जागच्या जागी थांबतं.

मी गॅरेज उघडं टाकून धावलो. पन्नाशीकडे झुकलेला माणूस किती धावणार. आठव्या वळणाच्या पुढे स्कूटर आडवी पडलेली, एक टाकी चौकटीत, दुसरी नाही, आणि निवेस नाही. सिमेंटवर रक्ताचे थेंब वर वर गेलेले. मी थेंबांमागे गेलो.

नंतर तिने सांगितलं ते असं. चाक थांबलं तशी ती डाव्या मनगटावर पडली. मनगट मोडलं. तिने उजव्या हाताने एक टाकी सोडवली, खांद्यावर घेतली आणि चालू लागली. सतरा किलो, दोन किलोमीटर, उभा चढ. तेराव्या वळणावरून पाहते तर चौदाव्याच्या कठड्यावर एजिदिओ बसलेला. अंगात सदरा, पायात काही नाही.

चार महिन्यांत तो पलंगावरून खाली उतरला नव्हता. पण आवाज तुटलेला त्याने ऐकला होता. नळी काढून तो तिला शोधायला निघाला होता. दोनशे मीटर आला. कसा आला, देव जाणे.

निवेसजवळ टाकी होती, पण नाकाला लावायची नळी आणि टाकी उघडायची चावी घरात. टाकी त्याच्या पायाशी ठेवून ती घराकडे पळाली. मी पोचलो तेव्हा ती परत येत होती, मोडका हात पोटाशी धरलेला, चावी मुठीत, नळी दातात. एजिदिओचा चेहरा पाटीच्या रंगाचा झाला होता. चावी मी फिरवली. तिचे हात चालत नव्हते.

पाच मिनिटं आम्ही तिघं त्या कठड्यावर नुसते बसलो. फुस्स करत हवा जात होती. मग एजिदिओच्या ओठांना थोडा रंग आला. त्याने आधी तिच्या मनगटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली.

"मला खाली न्या," तो म्हणाला.

"मनगट भरून येईल," निवेस म्हणाली. "अत्तिलिओ स्कूटर दुरुस्त करतील. करताय ना? आजच?"

"निवेस," तो म्हणाला. "मला खाली ने."

ती नको नको म्हणत राहिली. आठ महिने तिने जे मागितलं होतं ते समोर आलं, आणि आता तिला ते नको होतं. चार शेजारी शिडीला गादी बांधून त्याला घेऊन उतरले. मी टाकी धरून मागोमाग चाललो. वाटेत पडलेल्या स्कूटरपाशी त्यांना थांबावं लागलं, कारण वाट अडली होती. मी ती ओढून कडेला घेतली. नंतर प्लग काढला. खडूसारखा पांढरा होता. कार्बोरेटरच्या जोडातून हवा ओढत होती; एक नट ढिला झाला होता.

निवेसचा हात प्लॅस्टरमध्ये घातला त्या दिवशी मी तिला विचारलं, "प्लग बघितला नव्हतास?"

"बघितला होता. आठवडाभर पांढराच होता."

"मग थांबली का नाहीस?"

"थांबले असते तर तुम्ही गाडी ठेवून घेतली असती," ती म्हणाली. "ठेवून घेतली असती ना?"

मी म्हटलं, हो.

"मग."

इस्पितळ खाली समुद्राजवळच्या शहरात. निवेस पहाटेच पाच किलोमीटर उतरायची आणि पुलावर सातची बस धरायची. मी दर गुरुवारी जायचो. तिथे ऑक्सिजन भिंतीतूनच यायचा, कधी न संपणारा. पहिल्या आठवड्यात एजिदिओच्या गालांवर जरा मांस आलं. पुऱ्या वाक्यात बोलू लागला. एका गुरुवारी निवेस नर्सकडे काही विचारायला बाहेर गेली, तसं त्याने मला जवळ बोलावलं.

"अत्तिलिओ, इथे बरं वाटतं रे."

"मग चांगलंच आहे की."

"तुला कळलं नाही." त्याचे डोळे भरले. "इथे बरं वाटतं. नोव्हेंबरातच आलो असतो तर... तिचे हात बघितलेस तू? मी माझ्या हट्टापायी तिला त्या वाटेवर..." त्याला पुढे बोलवेना. "तिला सांगू नकोस. इथे मला बरं वाटतं हे तिला कधीच सांगू नकोस."

मग ती आली तेव्हा तो उगाच कण्हला. "कसलं हे इस्पितळ," तो म्हणाला, "सूपसुद्धा पाणचट." ती घरून डब्यात आणलेलं सूप त्याला भरवू लागली, एका हाताने. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

तो सत्तावीस दिवस जगला. नव्याने झालेल्या न्यूमोनियाने गेला. टाकीचा, भिंतीचा, कशाचा उपयोग झाला नाही. ती तेव्हा तिथेच होती, एवढं एक देवाने दिलं.

दफन खाली पियानेत्तोतच झालं, कारण शवपेटी त्या वाटेने वर नेता आली नसती. लोक पांगले. निवेस काळा रुमाल बांधून दफनभूमीच्या फाटकाशी उभी होती. प्लॅस्टर काढलं होतं, पण मनगट वाकडं जुळलं होतं.

"अत्तिलिओ, तुम्ही त्यांचे दोस्त. तुमच्याशी ते खरं बोलायचे," ती म्हणाली. "मला एकच सांगा. त्या इस्पितळात त्यांना फार त्रास झाला का?"

झाला म्हणावं, तर 'मी त्यांना खाली जाऊ द्यायला नको होतं' असं ती जन्मभर म्हणत राहील. नाही झाला म्हणावं, तर आठ महिन्यांतली प्रत्येक फेरी तिच्या डोळ्यांदेखत फुकट जाईल. ती वाट बघत होती. आमच्याकडच्या माणसांना न बोलण्याची सवय असते, हे तिला ठाऊक होतं. तिने बराच वेळ दिला.

"ऊन वाढतंय," मी शेवटी म्हणालो. "चल, तुला वरपर्यंत सोडतो."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग पुढे झाली, आणि आम्ही चालू लागलो.